थकवा जात नाही? रिपोर्ट असा वाचा

ठाण्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं की मोबाइलवर पंधरा-वीस पानांची पीडीएफ येते. ठळक आकडे बघून घाबरू नका, आधी सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचं पान काढा.

हिमोग्लोबिन बाईचं 12, पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. मग एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार): 80 च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी, 100 च्या वर असेल तर बी12 किंवा फोलेटवर संशय. एमसीव्ही कमी पण आरबीसी (लाल पेशींची संख्या) 5.5 च्या वर, असं दिसलं तर लोहाच्या गोळ्यांची घाई नको. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असू शकतो, त्यासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या.

खरी फसगत फेरिटिनमध्ये, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या आकड्यात होते. 18 आकडा 'नॉर्मल'मध्ये छापून येतो, पण 30 च्या खाली लोहाचा साठा संपत आलेला असतो, हिमोग्लोबिन 12.5 असलं तरी. उलट तापात फेरिटिन फुगतं. बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा.

केसांसाठी बायोटिन घेताय? टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीचा आकडा) खोटा कमी येऊ शकतो. तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा.

स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, शौच काळी होते किंवा हिमोग्लोबिन 8 च्या खाली आहे? त्याच दिवशी डॉक्टर गाठा.