फोर्कवर काम करताना ‘गिट पुश’ची दिशा कशी ठरवावी

पुण्यातील अनेक अभियंते आठवडाभर हिंजवडीच्या कार्यालयात एकाच मध्यवर्ती रिपॉझिटरीवर (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या जागेवर) काम करतात आणि सुटीच्या दिवशी त्याच लॅपटॉपवरून एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाला हातभार लावतात. कार्यालयात कोड जिथून घ्यायचा, तिथेच तो पाठवायचा असतो. फोर्कच्या, म्हणजे मूळ प्रकल्पाची स्वतःची प्रत काढून काम करण्याच्या, पद्धतीत मात्र तो मूळ प्रकल्पातून घेऊन स्वतःच्या फोर्ककडे पाठवावा लागतो. हे गिटला (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) आधीच सांगितलेले नसेल आणि मूळ प्रकल्पात लिहिण्याची परवानगी आपल्याला असेल, तर मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) असताना केलेल्या साध्या ‘गिट पुश’ने, म्हणजे बदल पाठवण्याच्या कमांडने, अर्धवट काम थेट सर्वांसमोर जाऊ शकते.

प्रथम ‘गिट रिमोट -व्ही’ ही कमांड चालवून रिमोटची, म्हणजे दूरच्या रिपॉझिटरींच्या पत्त्यांना दिलेली, नावे तपासावीत. (कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात.) स्वतःच्या फोर्कला ‘ओरिजिन’ आणि मूळ प्रकल्पाला ‘अपस्ट्रीम’ म्हणण्याचा प्रघात आहे. मूळ प्रकल्पच क्लोन केला (संगणकावर उतरवून घेतला) असेल, तर ‘गिट रिमोट रिनेम ओरिजिन अपस्ट्रीम’ असे नाव बदलून मग फोर्कचा पत्ता ‘ओरिजिन’ म्हणून जोडावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. त्या रिपॉझिटरीत ‘गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन’ ही कमांड द्यावी, म्हणजे साधे ‘गिट पुश’ फोर्ककडे जाईल. २०१३ मधील १.८.३ आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे. सर्व रिपॉझिटरींना लागू होणारा ‘--ग्लोबल’ हा पर्याय येथे टाळावा असे माझे मत आहे, कारण दुसऱ्या रिपॉझिटरीत ‘ओरिजिन’ हे नाव मूळ प्रकल्पाचे असू शकते. एखादी ब्रँच सहकाऱ्याच्या फोर्ककडे पाठवायची असेल, तर तेवढ्या ब्रँचसाठी ‘पुशरिमोट’ ठरवावा. तो ‘पुशडिफॉल्ट’पेक्षा वरचढ ठरतो.

‘पुश.डिफॉल्ट’ हे वेगळे सेटिंग आहे. कोणत्या ब्रँच पाठवायच्या, हे ते ठरवते. २०१४ मधील २.० आवृत्तीपासून त्याचे मूळ मूल्य ‘सिंपल’ आहे आणि तेच राहू द्यावे. पुशचा रिमोट पुलच्या (बदल आणून आपल्या ब्रँचमध्ये मिसळण्याच्या) रिमोटहून वेगळा असेल, तर ‘सिंपल’ चालू ब्रँच त्याच नावाने पाठवते. कार्यालयातील मध्यवर्ती पद्धतीत मात्र दोन्हीकडची नावे जुळत नसतील तर ते पुश नाकारते. पूर्वीचे ‘मॅचिंग’ हे मूल्य समान नावाच्या सगळ्याच ब्रँच पाठवत असे, म्हणून ते निवडू नये. या सेटिंगचे ‘अपस्ट्रीम’ हे मूल्य (त्याच नावाचा रिमोट नव्हे) मध्यवर्ती पद्धतीसाठी आहे. फोर्कच्या मांडणीत त्यामुळे साधे ‘गिट पुश’ अडते.

नवी ब्रँच काढताना आधी ‘गिट फेच अपस्ट्रीम’ करून मूळ प्रकल्पातील नवे बदल आणावेत आणि मग ‘गिट स्विच -सी’ या कमांडला नव्या ब्रँचचे नाव व ‘अपस्ट्रीम/मेन’ द्यावे, म्हणजे पुल मूळ प्रकल्पातूनच होईल. २०२२ मधील २.३७ आवृत्तीत आलेले ‘पुश.ऑटोसेटअपरिमोट’ कार्यालयात सोयीचे आहे. पण ते चालू असताना पुल कुठून करायचे याचा दुवा नसलेली ब्रँच पुश केली, तर ती फोर्कशी जोडली जाते आणि पुढचे पुलही तिथूनच होते.

पहिल्या खऱ्या पुशपूर्वी ‘गिट पुश --ड्राय-रन’ (प्रत्यक्ष काही न पाठवणारी चाचणी) चालवून दिसणारा पत्ता वाचावा. मूळ प्रकल्पात लिहिण्याची परवानगी असलेल्यांनी ‘गिट रिमोट सेट-यूआरएल --पुश अपस्ट्रीम’ या कमांडने तिथला पुशचा पत्ता मुद्दाम निरुपयोगी करून ठेवावा. त्यामुळे फेच सुरळीत चालते आणि चुकून केलेले पुश मूळ प्रकल्पापर्यंत पोहोचत नाही.