हरिकेनची पेटी उघडण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल पेटीतल्या सुट्या भागांतून जोडायचं, तर सगळ्यात आधी विमान ठरवा. नुसतं 'हरिकेन' म्हणून भागत नाही. कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या वर्षीचं, कुठल्या आघाडीवरचं, हे एका कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवा. माझ्या कागदावर आहे: हॉकर हरिकेन मार्क २सी, भारतीय हवाई दल, १ नंबर स्क्वाड्रन, इम्फाळ, १९४४. जपानी सैन्याने इम्फाळला वेढा घातला तेव्हा या स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे पदक त्यांना तिथल्याच कामगिरीबद्दल मिळालं. हा कागद समोर असला की पुढचे कितीतरी प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ, स्टँडवरची नावाची पट्टी. 'रॉयल' ही उपाधी हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये मिळाली, म्हणजे १९४४ च्या विमानाखाली 'रॉयल इंडियन एअर फोर्स' लिहिणं चूक.

मग छायाचित्रं जमवा, तीही शक्यतो त्याच काळातली, त्याच आघाडीवरची. पेटीवरचं रंगीत चित्र कितीही देखणं असलं तरी ते पुरावा नाही. छायाचित्रात तीन गोष्टी शोधा. नाकाखाली धूळ रोखणारा फुगीर व्होक्स फिल्टर आहे का? पंखांतून पुढे आलेल्या २० मिमीच्या तोफा चार आहेत की दोनच ठेवल्यात? कॉकपिटमागच्या काठीपासून शेपटीपर्यंत अँटेनाची तार आहे का? यातल्या प्रत्येक उत्तरावर कुठला भाग कापायचा आणि कुठला पेटीत ठेवायचा हे ठरतं. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं हरिकेन उभं आहे, ते बघून या. पाठीवरचं कापड लाकडी पट्ट्यांवर कसं ताणलेलं असतं ते जवळून पाहिल्याशिवाय हाताला कळत नाही.

डेकलचा, म्हणजे मॉडेलवर उतरवायच्या चिन्हांचा, कागद आताच तपासा. युरोपातल्या ब्रिटिश विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळात मधे लाल ठिपका असतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर (इम्फाळ त्यातलंच) तो काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरही लाल गोळाच असायचा आणि धावत्या नजरेला आपला कोण, परका कोण हे कळेना. तिथे गडद निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका लागतो, शेपटीवरही त्याच दोन छटा. पेटीत नसतील तर वेगळे डेकल मागवा, आणि ते हातात येईपर्यंत थांबा.

रंग चारच मोठे आहेत. वरून डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खालून मिडियम सी ग्रे, कॉकपिटमध्ये करडा-हिरवा. शिवाय थोडा काळा, आणि नाकावरच्या पंख्याच्या टोकांना पिवळा. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या, म्हणजे रंग पातळ करायचं थिनर एकच लागेल.

टेबलावर हवं ते असं: स्प्रू (सुटे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) कापायचा कटर, नवं पातं लावलेला चाकू, चिमटा, मास्किंग टेप, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, थोडी पुट्टी. चिकटवायला तीन वेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यांची कामं एकमेकांत मिसळायची नाहीत. प्लास्टिकच्या जोडांना पातळ सिमेंट, ते फटीत आपोआप ओढलं जातं. धातूच्या बारीक भागांना सुपरग्लू. कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, फक्त फेव्हिकॉल. माझी पहिली कॅनॉपी मी सुपरग्लूने लावली आणि त्याच्या वाफेने काच आतून पांढरी झाली. आत मन लावून रंगवलेलं कॉकपिट होतं, ते कायमचं धुक्याआड गेलं. फेव्हिकॉल वाळला की पारदर्शक होतो आणि बाहेर आलेला ओल्या कापडाने पुसता येतो.

आदल्या रात्री सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून टॉवेलवर पसरून ठेवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) धरत नाही.

सिमेंट न लावता धड आणि पंख एकदा टेपवर जोडून पाहा. ७२ पट लहान हरिकेन पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटीमीटर भरतं, त्यामुळे एक मिलिमीटरचा तिरपेपणाही समोरून लगेच दिसतो. पंखाचा मधला भाग सपाट आणि बाहेरचे दोन्ही वर उचललेले असतात. ती उचल दोन्हीकडे सारखी राहावी म्हणून जाड पुठ्ठ्याचा आधार कापून ठेवा.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी पेन्सिलने खूण करा: कॉकपिटच्या मागे धडावर कापड, पुढे आणि पंखांवर धातू. मागच्या भागावर लांबट उंचवटे आहेत, तेच हरिकेनचं रूप आहे. जोड घासताना ते सपाट झाले की परत येत नाहीत. हीच खूण शेवटी पुन्हा कामाला येते. झिजलेला रंग दाखवायला चंदेरी ओरखडे काढायचे ते वैमानिक आणि मेकॅनिक जिथे पाय ठेवायचे त्या पंखाच्या मुळाशी आणि इंजिनाच्या पत्र्यांवर. कापडावर चंदेरी ओरखडा येऊच शकत नाही. कितीतरी सुंदर मॉडेलांवर ही चूक पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण बाकी सगळं इतकं जीव ओतून केलेलं असतं.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर हवेचा दाब १५ ते २० पीएसआय आणि रंग दुधाइतका पातळ. नसेल तर चपटा मऊ ब्रश आणि पातळ रंगाचे तीन हात, मधे पूर्ण वाळू देऊन. खिडकी उघडी, तोंडावर मास्क. प्रत्येक रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून उन्हात बघा.

कॅलेंडरही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकरचं वार्निश मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि दुधाळ पडदा येतो. पावसाळ्यात कॉकपिट, जोडकाम, घासकाम उरका. डेकलखालचा चकचकीत थर (तो नसला तर डेकलखाली हवा अडकून चांदी दिसते) आणि शेवटचा मॅट थर दिवाळीच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवा.

रिकामे स्प्रू फेकू नका. छायाचित्रात अँटेनाची तार दिसली असेल, तर स्प्रूचा तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, मऊ होईपर्यंत धरून सावकाश ताणायचा. केसासारखी तार निघते. चार-पाच तारा आजच ओढून वहीच्या पानात ठेवा.