जाम झालेला ग्रासकटर: दोरीला हिसका देण्याआधी

दसरा झाला की आमच्याकडे आंब्याच्या कलमांखालची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, सुरू होते. गवत वाळायच्या आत रान काढलं नाही तर वणव्याची धास्ती, म्हणून घाई असतेच. पण गुहागरसारख्या ठिकाणी, समुद्राला लागून, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेललेल्या पडवीत चार महिने टांगलेलं मशीन खाली काढलं की पुष्कळदा दोरी जागची हलत नाही. तीन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांनी आणि मी मशीनवर पाय रोवून ती ओढली. आतली स्प्रिंग तुटली आणि ऐन बेणणीत आठ दिवस काम बंद. तेव्हापासून मी दोरी हलली नाही की हात काढून घेते. अडलंय कुठे ते आधी बघायचं, जोर मागाहून.

सगळ्यात आधी स्पार्क प्लगची टोपी काढा. ब्लेडजवळ हात न्यायचाय, यात हयगय नको.

मग स्टार्टरचं कव्हर सोडवा आणि हातात धरून दोरी ओढा. इथेही अडली तर आतली कप्पी गंजलीय. साफ करून तेलाचे दोन थेंब पुरतात. दोरी मोकळी आली तर इंजिन अडलंय. आता प्लग काढा. प्लग काढल्याबरोबर फिरायला लागलं तर आत पेट्रोल साचलेलं होतं, ते कपड्यावर उतरू द्या. तरीही हललं नाही, तर खाऱ्या दमट हवेने पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्यात. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोकचं ऑइल सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी फ्लायव्हील, म्हणजे स्टार्टरच्या कव्हरमागची जड चकती, हाताने धरून केसभर पुढे, केसभर मागे करा. आमचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटलं, अगदी जात्याची खुंटी सैल व्हावी तसं. हातोडी नको, आणि शेकायला आग तर मुळीच नको, टाकीत पेट्रोल आहे.

ब्लेड फिरत नसेल तर गिअरपेटी बघा. ब्लेडच्या नटाला उलटा आटा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी नट वाया जातात. पेटीच्या बाजूचा स्क्रू काढून जुनं पांढुरकं ग्रीस दिसलं तर पाणी शिरलंय, नवं भरा.

सायलेन्सरच्या तोंडात तारेने चाचपा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते, आमच्या मशीनमधून बोटाएवढं ढेकूळ निघालं.

जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून अर्धा तास ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर बसतो. तो दिसला की सगळं पेट्रोल टाकाऊ. ताज्या पेट्रोलमध्ये टाकीवर लिहिलेल्या प्रमाणात ऑइल मिसळून भरा. एअर फिल्टरला बुरशी असेल तर साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

प्लग पुसून बसवा, टोपी लावा, दोरी हळू ओढा. सुरू झालं की पहिली दोन-चार मिनिटं पांढरा धूर येईल, ते आत सोडलेलं ऑइल जळतंय. धूर विरेपर्यंत रेस देऊ नका, मगच ब्लेड गवताला लावा.