द्विशिक्षकी शाळेत जॉईन होताय? आधी एक माणूस जोडा

यंदा नवीन जॉईन झालेल्या दोघी-तिघींनी विचारलं की पहिल्या वर्षी काय सांभाळायचं, तर टाचण (पाठाची लेखी तयारी), पोर्टलवर माहिती भरणं, मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी हे सगळं तुम्ही शिकालच, त्याचे व्हिडिओ पण मिळतात. मी जरा वेगळं सांगते.

मी 2019 ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागले. गाव लातूरकडचं आणि शाळा मिळाली नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याला, म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोकच. तेव्हा शिक्षण सेवकाला (नवीन शिक्षकाचं सुरुवातीचं पद) मानधन 6000 (2023 पासून 16000 झालंय, नशीबवान आहात), त्यातून खोलीभाडं, डबा आणि गावी जायचं तिकीट. शाळा पहिली ते चौथी, पट 38, शिक्षक दोन. मला पहिली-दुसरी आणि दुसऱ्या मॅडमकडे तिसरी-चौथी प्लस मुख्याध्यापकाचा चार्ज. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. पहिले दोन महिने आमचं बोलणं म्हणजे "हजेरी द्या" आणि "मीटिंग आहे" एवढंच. मला वाटायचं बाई कडक आहेत, त्यांना वाटायचं ही पोरगी दिवाळीपर्यंत पण टिकत नाही.

तर झालं असं की दुसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते, 32 मधून 18. मी फळ्यावर जोरजोरात सांगतेय की दोनातून आठ जात नाहीत, मग शेजारच्याकडून एक उसना घ्यायचा, आणि एक पोरगा शांतपणे विचारतो, बाई परत कधी द्यायचा? बाकीची पोरं माझ्याकडेच बघतायत, कारण त्यांच्याकडे उसनं पीठ घेतलं की परत द्यायचंच असतं. मला हसू पण येईना आणि उत्तर पण येईना. बरं पोरांची घरची बोली कोकणा, माझी मराठी मराठवाडी, त्यात हा उसना.

मॅडम दारातून ऐकत होत्या. वर्गात आल्या नाहीत, पोरांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत (हे लक्षात ठेवा). शाळा सुटल्यावर खराट्याच्या काड्या घेऊन बसल्या, दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावलं आणि म्हणाल्या, "आता तूच मला यातल्या 18 काड्या दे." तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. मी एक गठ्ठा दिला, सुट्ट्या आठ कुठून देणार, रबर काढावंच लागलं. "बघ, उसनं कुणाकडून घेतलं का? घरचाच गठ्ठा सुटा केला." डीएडला दशक-सुटे मी पण शिकले होते ओ, मार्क पण चांगले होते, पण ते खरं कळलं त्या दिवशी. त्यानंतर त्या माझ्या ताई झाल्या.

दुसरा किस्सा पोषण आहाराचा. पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. मी नऊ दिवस हजर मुलांऐवजी अख्खा पट धरून गुणत गेले, सो कागदावर तांदूळ कमी आणि कोठीत सात-आठ किलो जास्त. आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. मी रडायच्या बेतात. ताईंनी रजिस्टर हातात पण घेतलं नाही, समोर बसून रात्री नऊपर्यंत माझ्याकडूनच एकेक दिवस तपासून घेतला, लाल शाईने दुरुस्ती आणि सही. साहेबांना पण तसंच सांगितलं, चूक झाली, दुरुस्त केली. माझं रजिस्टर त्यांनी भरून दिलं असतं तर पुढच्या महिन्यात मी परत तेच केलं असतं.

आता मैत्री म्हणजे रोज गळ्यात गळे असं काही नसतं. संचमान्यतेच्या वेळी (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) पट कमी भरला की ज्युनिअर अतिरिक्त ठरते, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी, आणि ती मीच. एका सप्टेंबरला आम्ही चार दिवस धड बोललो नाही. मला उगाच वाटलं की यांना काय, यांची जागा तर पक्की आहे. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या चल वाडीवर, शाळेत न येणारी तीन पोरं आहेत, आणि दोन किलोमीटर चढ चढताना दोघींना इतका दम लागला की भांडायला श्वासच उरला नाही.

एक सांभाळा, मैत्रीच्या नावाखाली दिवसभर केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) इतरांची उणीदुणी काढणारे पण भेटतील. ती सोबत गोड लागते पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. मी एकच बघते, "मला हे जमत नाहीये" असं त्या माणसासमोर बोलता येतं का, आणि ते पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) चहाबरोबर वाटलं जातं का. शाळेत असं कुणी नसेल तर केंद्रातल्या शेजारच्या शाळेत शोधा, तिथे पण एखादी बाई दोन वर्ग घेऊन एकटीच बसलेली असते.

ताईंची बदली झाली, आता दुसऱ्या तालुक्यात आहेत. काड्यांची पिशवी जाताना घेऊन गेल्या, म्हणाल्या तू नवीन कर. केली. रविवारी फोन असतो, अर्धा वेळ पोर्टलला शिव्या आणि अर्धा वेळ भागाकार.