कीबोर्ड गेला म्हणण्याआधी या चुका टाळा

दुकानात कीबोर्ड घेऊन जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा कीबोर्ड चांगला असतो, हे आधीच सांगून टाकतो. बिघाड सेटिंगमध्ये असतो, पोर्टमध्ये असतो, नाहीतर माणसाच्या घाईत असतो. तरी "भाऊ, नवीनच देऊन टाका" हे पालुपद ठरलेलं. मला विकायला काय जातंय, पण आठ दिवसांत तोच माणूस तीच तक्रार घेऊन आला की शिव्या मलाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न तपासता सामान बदलणं. पाचोऱ्याकडच्या एका गावात एक पोरगा ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो. पीक विम्याची गर्दी, बाहेर शेतकऱ्यांची लाईन, आणि ह्याचं बटन दाबलं तर अक्षरच उमटेना, जरा दाबून धरलं की उमटायचं. त्याने कीबोर्ड बदलला, तेच. अजून महागाचा आणला, तेच. मग कोणीतरी ज्ञान दिलं की व्हायरस आहे, विंडोज नवीन टाक. टाकली, डेस्कटॉपवरच्या लोकांच्या पीडीएफ गेल्या त्या गेल्याच, दोन दिवस बरं चाललं आणि परत येरे माझ्या मागल्या. शेवटी मला बोलावलं. मी काहीच केलं नाही, नुसता शेजारी बसून बघत राहिलो. हा भो सातबाऱ्यांची गड्डी कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवून ठेवायचा, ती बरोबर उजव्या शिफ्टवर. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबलेली राहिली की विंडोज बीप देऊन विचारतं, फिल्टर कीज चालू करू का? ह्याने न वाचता एंटर. मग काय, झटकन दाबलेली बटनं विंडोज मोजतच नाही.

परत उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबली की बंद होतं. कायमचं मिटवायचं तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे फिल्टर कीजचा शॉर्टकटच बंद करा. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली की स्टिकी कीज येतं, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल सोडली तरी दाबलेलीच धरतं, तेही तिथेच आहे, गेम खेळणाऱ्या पोरांनी ते पहिलं बंद करावं. आणि स्क्रीनवर खोका आला तर वाचा रे बाबांनो, एक ओळ असते.

माझी तपासायची पद्धत साधी आहे. नोटपॅड उघडायचं, एकेक ओळ डावीकडून उजवीकडे दाबत जायचं, जे चालत नाही ते कागदावर लिहायचं. ऑनलाइन टेस्टर आहेत, वापरा, पण एफएन बटन तिथे दिसत नाही म्हणून ते मेलं असं समजू नका, ते ब्राउझरपर्यंत पोचतच नाही बहुतेक कीबोर्डमध्ये. कागद कशाला, तर आत बटनं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. एकच बटन मेलं तर तिथे कचरा किंवा झीज. चार-पाच एकदम मेली तर बटनं नाही, एक तारच गेली, लॅपटॉप असेल तर कीबोर्ड मशीनला जोडणारी आतली पट्टी सैल झाली का ते आधी बघायचं. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. तिथे नीट चालत असेल तर कीबोर्डला हात लावू नका, दोष विंडोजमध्ये आहे. तिथेही बंद असेल तर पोर्ट बदला, दुसऱ्या मशीनला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोकांना पाच मिनिटं नसतात, गावाहून एसटीने जळगावला यायला अर्धा दिवस असतो.

दुसरी चूक चहाची. सांडला की पहिलं काय करतात? पुसतात आणि चालू होतो का बघतात. तेच करायचं नाही! ओल असताना करंट गेला की आतल्या पट्ट्यांना गंज धरतो, आणि चहातली साखर बटनं चिकटवते ते वेगळंच. वायर उपटा, लॅपटॉप असेल तर पॉवर बटन दाबून धरून बंद करा, उलटा करा आणि तसाच दुकानात न्या. बाहेरचा कीबोर्ड असेल तर मी स्क्रू काढून प्लास्टिकचे पडदे साध्या पाण्याने पुसतो आणि सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवतो. सावलीत म्हणतोय. भुसावळच्या एका काकांनी मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर वाळत घातला, आपल्याकडचं ऊन माहितीये ना, संध्याकाळी स्पेसबार धनुष्यासारखा वाकलेला. हेअर ड्रायरवाल्यांचंही तेच होतं. बटनं उपसायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, नंतर जागा आठवत नाहीत.

बाकीचं पटापट. लॅपटॉपवर जे, के, एलच्या जागी १, २, ३ येतायत तर नंबर लॉक चालू आहे, एफएन धरून नंबर लॉकचं बटन दाबा आणि बंद करा. ॲटच्या जागी अवतरण चिन्ह येतं म्हणजे भाषा यूकेची झाली, यूएस नाहीतर इंडिया करा. मराठी टाईप करता करता मध्येच इंग्रजी होतं, तर विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं गेलंय. एक्सेलमध्ये बाण दाबला की पानच सरकतं, ते स्क्रोल लॉक. जुना गोल पिनवाला कीबोर्ड मशीन चालू असताना काढघाल करू नका. आणि खडखड करणाऱ्या बटनांत गंज काढायचा स्प्रे मारणारे जे आहेत त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय, प्लास्टिकवर तेल राहतं, त्यावर आपल्याकडची धूळ आणि जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाची तूस, लगदाच होतो. ब्रश घ्या.

वायरलेसवाला अक्षरं खातोय तर सेल बदला, तरी खात असेल तर डोंगल, म्हणजे त्याच्यासोबत येणारा यूएसबीत लावायचा छोटा तुकडा, निळ्या यूएसबीतून काढून पुढच्या साध्या पोर्टला लावा, निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३, त्याच्या शेजारी सिग्नलला अडथळा येतो. एवढं करूनही बंदच असेल तर मग या, आणि येताना तो कागद घेऊन या.