निफाडच्या थंडीत परसबाग

तुळशीचं लग्न लागलं की मी परसात आवराआवर सुरू करते. आमच्या निफाडला पारा कधी कधी ५ अंशांखालीही जातो.

आधी कुंड्या भिंतीच्या कडेला. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. तुळस, मोगरा, कढीपत्ता यांच्या बुडाशी उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्यायचा, पण खोडाला चिकटवायचा नाही, नाहीतर बूड कुजतं. युरिया बंद, छाटणीही बंद. कोवळी पालवीच आधी करपते.

आता झाकण. एका वर्षी मी तुळशीवर सरळ प्लॅस्टिकची पिशवी ओढली. सकाळी बघते तर आतून पाणी सुटलेलं आणि जिथे पान प्लॅस्टिकला टेकलं, तिथे काळा डाग. तेव्हापासून चार काठ्या रोवून वर गोणपाट टाकते. पानाला ते टेकता कामा नये. खालची कड जमिनीपर्यंत आणायची, म्हणजे मातीची ऊब आत राहते. उन्हं आली की काढायचं.

पाणी सकाळीच, तेही बेताचं. फार कडाका असेल तर दुपारीच वाफे भिजवते, ओली माती ऊब जास्त धरते. शेजारचे द्राक्षवाले तर पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्याकडे त्या धुराने सासूबाईंना खोकला येतो, म्हणून गोणपाटच बरं.