बेटावरची छोटी सुट्टी: किनारा वाऱ्याला विचारून निवडा

बेट म्हणजे चारी दिशांना किनारा. वारा मात्र एका वेळी एकाच दिशेने येतो. म्हणजे बेटाची एक बाजू खवळलेली असते, तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला पाणी निवांत असतं. ही एक गोष्ट लक्षात घेतली की दोन-तीन दिवसांच्या सुट्टीत भाड्याची गाडी कशासाठी घ्यायची ते आपोआप कळतं. रोज सकाळी वारा बघायचा आणि त्या दिवसाची बाजू ठरवायची, यासाठी गाडी. बेटाची प्रदक्षिणा घालून सगळे किनारे 'करण्यासाठी' नाही.

आमच्याकडे गाडी मी चालवते. बरोबर आई असते. तिचे गुडघे दुखतात, पण एकदा पाण्यात उतरली की तासभर बाहेर येत नाही. तिला संथ, कमरेएवढं पाणी लागतं. भाच्याला लाटा लागतात. एकाच किनाऱ्यावर या दोघांना खूश करणं अवघड असतं, बेटावर ते जमतं. बार्बाडोसचंच बघा. जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. पूर्वेला बाथशेबाजवळ अटलांटिकच्या लाटा खडकांवर आदळत असतात आणि पश्चिमेचा कॅरिबियन किनारा तळ्यासारखा शांत असतो. गाडी असेल तर दोन्ही एकाच दिवसात बघता येतात.

निघण्याआधी: कागदावर बेट काढा

मी एका कोऱ्या कागदावर बेटाची बाह्यरेषा काढते. सुबक चित्र लागत नाही. त्यावर प्रत्येक दिशेचे दोन-दोन किनारे लिहिते: एक संथ पाण्याचा, एक लाटांचा. मग त्या महिन्यात वारा साधारण कुठून येतो ते शोधून बाण काढते. हे काम तासाभराचं आहे, पण पुढचे सगळे दिवस त्यावर उभे राहतात.

वाऱ्यांच्या सवयी ठरलेल्या असतात. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, दिवसचे दिवस वाहतो. म्हणून त्या दिवसांत क्रीटचा उत्तर किनारा फेसाळतो. दक्षिण किनारा आडोशाला असतो, पण तिथेही डोंगरांमधल्या घळींच्या तोंडाशी वाऱ्याचे झोत अंगावर येतात, तेव्हा घळीसमोरचा किनारा टाळावा. मॉरिशसवर व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात आणि तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, त्यांना जोर असतो. तेव्हा पश्चिम किनारा धरावा. हवाईमध्ये ते ईशान्येकडून येतात.

वाऱ्याखेरीज दूरच्या वादळांमधून निघून आलेल्या लाटांचा हिशेब वेगळा ठेवायचा. वारा पडलेला असतानाही त्या येतात. हवाईतल्या ओआहूचा उत्तर किनारा उन्हाळ्यात पोहण्याजोगा असतो आणि हिवाळ्यात तिथे जगभरातले सर्फर भल्यामोठ्या लाटांसाठी जमतात. जागा तीच, महिना वेगळा. त्यामुळे किनाऱ्याचे सुंदर फोटो बघताना ते कोणत्या महिन्यातले आहेत, हे आधी बघा.

मुक्काम एकाच ठिकाणी करा. छोट्या सुट्टीत सामान बांधण्यात आणि सोडण्यात सकाळ घालवणं मला पटत नाही. ती जागा बहुतेक वेळा आडोशाला असणाऱ्या बाजूला आणि बेट ओलांडणाऱ्या मुख्य रस्त्याजवळ असावी. खोलीतून समुद्र दिसला नाही तरी चालेल. गाडी आहे ना!

गाडी ठरवताना

सगळ्यात लहान गाडी घ्या, फक्त सामान डिकीत मावेल एवढं बघा. बेटांवरचे जुने रस्ते अरुंद असतात, समोरून बस आली की मागे घ्यावं लागतं आणि किनाऱ्याजवळच्या पार्किंगमध्ये लहान गाडीला कुठेही जागा सापडते. ऑटोमॅटिकच हवी असेल तर लवकर सांगून ठेवा, कारण छोट्या बेटांवर मुळात गाड्या थोड्या, त्यात ऑटोमॅटिक आणखी थोड्या.

परवान्याकडे वेळेवर लक्ष द्या. आंतरराष्ट्रीय चालक परवाना जिथे मूळ परवाना काढला त्या देशातच, निघण्यापूर्वी काढावा लागतो आणि मूळ परवाना जवळ असल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. त्यातही प्रकार आहेत. जपानमध्ये, म्हणजे ओकिनावावरही, रस्ते-वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातलाच चालतो. त्याची मुदत एक वर्ष.

करारपत्र वाचताना मी चार गोष्टी शोधते. अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती भरावं लागेल. टायर, काचा, टप आणि गाडीचा तळ विम्यात आहेत का. पुष्कळदा नसतात आणि बेटावर नेमकं यांचंच नुकसान होतं. कच्च्या रस्त्यावर नेण्याची परवानगी आहे का. आणि गाडी बोटीवर चढवता येते का. शेवटचं उत्तर अनेकदा 'नाही' असं असतं. तेव्हा शेजारच्या बेटावर जायचं झालं तर गाडी इकडे परत करून तिकडे दुसरी घेणं सोपं. अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. म्हणून चालवणार कोण, हे ठरवूनच बुकिंग करा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. रांगेत मागे कितीही लोक असोत. फोनवर व्हिडिओ सुरू करून गाडीभोवती एक सावकाश फेरी मारा: चारही रिम, बंपरची खालची कड, टप, समोरच्या काचेवरचे बारीक टवके. मग आत बसून इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. जुना ओरखडा दिसला की त्यांच्या कागदावर लिहून घ्या. नुसतं तोंडी 'चालेल, चालेल' पुरेसं नाही. डिकीतली गादी उचलून स्टेपनी, जॅक आणि पान्हा आहे का बघा. हल्ली काही गाड्यांमध्ये स्टेपनीऐवजी पंक्चर भरायचा द्रव असतो. टायर बाजूने फाटला तर त्याचा काही उपयोग नाही, आणि हे कळलेलं असलं की खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस आपोआप जपून चालवतो. इंधन कोणतं, हे टाकीच्या झाकणावर वाचा. वायपर, दिवे आणि मागचा गिअर कसा पडतो हे पार्किंगमध्येच करून बघा.

चालवताना

मॉरिशसवर गाड्या डावीकडून चालतात आणि शेजारच्या रेयुनियाँवर उजवीकडून. माल्टा, सायप्रस डावीकडे. ग्रीस आणि स्पेनची बेटं उजवीकडे. ओकिनावाने तर 30 जुलै 1978 ला अख्ख्या रस्त्यांची बाजू उजवीकडून डावीकडे बदलली. सवयीच्या उलट बाजूने चालवायचं असेल तर मी एक खूण धरते: चालकाची सीट नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेकडे. बहुतेक ठिकाणी ही खूण पुरते. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर पुरत नाही, कारण तिथे चालवतात डावीकडून आणि स्टिअरिंगही डावीकडेच असतं. भर रहदारीत चूक सहसा होत नाही, पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती सकाळी रिकाम्या पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर वळताना. तेवढ्या क्षणी शेजारी बसलेल्याने मोठ्याने बाजू सांगायची, असा आमचा नियम आहे. आई तो मनापासून पाळते.

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, डोंगराआड नेटवर्क जातं. नकाशाने सुचवलेला जवळचा रस्ता लगेच मानू नका. शेवटचा तुकडा मोठा करून बघा. बारीक, बिननावाची रेघ असेल तर तो शेळ्यांचा रस्ता असू शकतो. डोंगराळ बेटावर मी ताशी 35 किलोमीटरच्या हिशेबाने वेळ धरते, म्हणजे 70 किलोमीटरला दोन तास. अंधार पडल्यावर अनोळखी घाट टाळते. दिवे नसतात, जनावरं रस्त्यात बसलेली असतात. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, कारण छोट्या बेटांवर पंप थोडे आणि रात्री ते बंदही असतात.

किनाऱ्यावरचा दिवस

सकाळी उठल्यावर अंदाजात वाऱ्याची दिशा आणि वेग बघा, मग कागद काढा. वाऱ्यापुरतं बघितलं तर ताशी 15 किलोमीटरपर्यंत कुठलाही किनारा चालतो. 20 च्या पुढे धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागतात, वाळू पायांना टोचते. अशा वेळी बेट ओलांडून आडोशाला जावं. आणखी एक रोजचा क्रम आहे: ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारी खारे वारे सुटतात. म्हणून आम्ही सकाळी लवकर पाण्यात असतो, दुपारी आतल्या डोंगरातल्या एखाद्या गावात सावलीला बसतो आणि ऊन कलल्यावर दुसऱ्या किनाऱ्यावर उतरतो.

आडोशाच्या किनाऱ्याचा एक धोका मात्र मनात पक्का ठेवा. तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असतो. पाणी काठाशी गुळगुळीत दिसतं, पण हवा भरलेली गादी किंवा रबरी नाव तो बघता बघता खोल समुद्राकडे ओढून नेतो. अशा दिवशी मी भाच्याला फुगवलेली कोणतीही वस्तू पाण्यात नेऊ देत नाही. गादी वाहून गेली तर जाऊ द्यायची, तिच्यामागे पोहायचं नाही. लाटांच्या बाजूला धोका वेगळा: काठाकडून आत ओढणारा प्रवाह. त्यात सापडल्यास काठाकडे झगडू नये. तरंगत राहावं, मदतीसाठी हात हलवावा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावं. जीवरक्षक असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहावं. जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत.

गाडी वाळूवर घालू नका. साधी गाडी रुतते, विमा तिथे संपतो. आणि भरती वाट बघत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, त्यामुळे कालच्या वेळेपेक्षा आज ती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची रेघ दिसते ना, तिथपर्यंत मागची भरती आली होती. गाडी आणि पथारी दोन्ही तिच्या वर. भूमध्य समुद्रात भरती अगदी थोडी असते, पण इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ताच दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. तिथे वेळापत्रक न बघता निघालेल्यांच्या गाड्या अडकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्गारीसारख्या (पूर्वीचं नाव फ्रेझर आयलंड) सबंध वाळूच्या बेटावर तर फोर-व्हील ड्राइव्हशिवाय गाडी चालवताच येत नाही, आणि भरतीच्या आधीचे व नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी हाकू नये, असं सांगितलं जातं.

सगळ्यात जास्त जपायची वस्तू म्हणजे किल्ली. भाड्याच्या गाडीला सहसा एकच मिळते आणि ती इलेक्ट्रॉनिक असेल तर खाऱ्या पाण्याने बाद होते. आमच्यातला एक जण नेहमी काठावर असतो आणि किल्ली त्याच्याकडे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. एकटे असाल तर ती पिशवी घट्ट बंद करून गळ्यात घाला, पण आधी घरी बादलीत बुडवून तपासा. पाकीट, पासपोर्ट डिकीत ठेवायचे असतील तर किनाऱ्यावर पोचण्याआधीच ठेवा. पार्किंगमध्ये उभं राहून डिकीत सामान लपवलं, तर कुठे काय आहे ते बघणाऱ्याला आपणच दाखवलेलं असतं. बंद गाडीत उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंशांनी चढतं. 'लगेच येतो' म्हणूनही कुणाला आत बसवून जाऊ नका, लहान मुलाला तर नाहीच.

सीटवर अंथरायला एक जुनी चादर आणि पाय धुवायला पाच लिटरचा पाण्याचा कॅन डिकीत असू द्या. वाळू निघत नसेल तर पाय कोरडे करून टाल्कम पावडर चोळा, लगेच झडते. गाडीत वाळू भरली की परत घेताना सफाईचे पैसे लावतात.

परतीचा दिवस

शेवटच्या दिवशी समुद्र नको, फार तर काठाने एक चक्कर. बोटीने परतायचं असेल आणि वारा वाढत असल्याचा अंदाज असेल तर आदल्या दिवशीच बोट पकडून मोठ्या बंदराच्या किंवा विमानतळाच्या गावी जा, कारण जोराच्या वाऱ्यात बोटी बंद ठेवतात. टाकी गाडी परत करायच्या जागेजवळच्या पंपावर भरा आणि पावती घ्या. ताब्यात घेताना केला तसाच व्हिडिओ परत करतानाही करा, त्यात काटा, किलोमीटर आणि गाडी उभी केलेली जागा दिसू द्या. काउंटरवर माणूस नसेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल तर ती टाकतानाचाही फोटो काढा. अनामत रक्कम कार्डावर सुटल्याचं दिसेपर्यंत व्हिडिओ आणि पावती फोनमधून काढू नका.